कोल्हापूरच्या पावसाळ्यात अंतराळवीर कसे सांभाळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे दोन-चार पाऊस पडले की कोल्हापुरात घरोघरी कपाटे आवरायला काढतात. कपड्यांत डांबरगोळ्या पडतात, शोकेसमधल्या वस्तू थर्माकोलच्या खोक्यात भरून माळ्यावर जातात आणि ज्यांना ओल लागली असेल त्या गच्चीवर उन्हात येतात. भांड्यांना आणि कपड्यांना हे मानवते. बारा इंची फिगरला, म्हणजे एखाद्या पात्राच्या हुबेहूब बाहुलीला, यातली एकही गोष्ट मानवत नाही. जुन्या अंतराळ-मालिकांतल्या पात्रांच्या अशा फिगर जमवणारे या शहरात आणि इचलकरंजी, जयसिंगपूर भागात बरेच आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरातल्या आवराआवर करणाऱ्या मंडळींसाठी, मृगाआधीच हे पत्र लिहीत आहोत. ते लांबले आहे, पण यातले निम्मे सांगून उपयोग नाही.

आधी ही वस्तू काय ते सांगतो. सहा फूट उंचीचा माणूस एक फुटाचा केला की जे माप येते त्याला वन-सिक्स्थ म्हणतात. अंगाला सांधे असतात, कपडे खरे शिवलेले असतात, हाताचे पंजे बदलता येतात. अमेरिकेत १९६४ मध्ये जी. आय. जो हा सैनिक याच मापात आला आणि ‘ॲक्शन फिगर’ हा शब्दही त्याच्यासोबत आला. मेगो कंपनीच्या १९७४ च्या स्टार ट्रेक फिगर आठ इंची आहेत, त्यांना या मापाचे कपडे किंवा हत्यारे बसत नाहीत. ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’चा केनर कंपनीचा १९७५ चा स्टीव्ह ऑस्टिन तेरा इंची, म्हणजे थोडा थोराड. विकत घेताना हा फरक पाहावा, कारण जुन्या मालाच्या जाहिरातींत सगळ्यांना सरसकट ‘बारा इंची’ म्हणायची पद्धत पडली आहे.

मूळ ‘स्टार ट्रेक’ १९६६ ते १९६९ या काळात चालली, एकूण ७९ भाग. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली म्हणून त्यातले कप्तान कर्क आणि त्यांचे सहकारी स्पॉक आपल्याकडच्या एका पिढीच्या घरातले झाले. ‘लॉस्ट इन स्पेस’ १९६५ ते ६८, ‘स्पेस १९९९’ १९७५ ते ७७ आणि १९६३ मध्ये बीबीसीवर सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ या मालिका बहुतेकांनी पुढे कॅसेट, सीडी आणि इंटरनेटवर पाहिल्या. या पात्रांच्या आजच्या चांगल्या फिगर परदेशातच तयार होतात. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. शुल्क नुसत्या किमतीवर लागत नाही, किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. वीस हजारांची फिगर आणि तीन हजार वाहतूक-विमा धरला, तर ७० टक्क्यांनी १६,१०० रुपये नुसते मूळ शुल्क होते, त्यावर जीएसटी वेगळा. इतकी महाग वस्तू तीन पावसाळ्यांत बाद होते आणि मालक दुसरी मागवतो. आमचे म्हणणे असे की बाद झालेल्या दहा फिगरपैकी सात-आठ वाचवता येतात आणि त्यासाठी लागणारे हात कोल्हापुरातच आहेत.

पावसाळ्यापासून सुरुवात करू. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलिन. तिची वाफ बंद कपाटात साचते आणि पॉलिस्टायरिनसारखे प्लॅस्टिक तिने मऊ पडते. पारदर्शक हेल्मेट, पिस्तुलाची नळी, कमरेवरचे छोटे यंत्र असे बारीक भाग आधी जातात. त्यांचा चकचकीतपणा जाऊन कडा वितळल्यासारख्या दिसतात. हे परत येत नाही. ज्या कपाटात फिगर आहेत तिथे डांबरगोळी नकोच, शेजारच्या खणातही नको.

थर्माकोलचे कारण उलट्या बाजूचे आहे. फिगरचे डोके, पंजे आणि कधीकधी बूट मऊ पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाइलचे, असतात. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. तो वर्षानुवर्षे पृष्ठभागावर झिरपत राहतो आणि थर्माकोलला लागला की थर्माकोल विरघळवतो. सहा महिन्यांनी खोके उघडावे तर बुटाच्या तळाशी पांढरा चिकट लगदा आणि थर्माकोलला बुटाच्या आकाराचा खड्डा. मूळ डब्यातली पारदर्शक प्लॅस्टिकची तबकडी चालते, धुतलेले पांढरे सुती कापड चालते. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, शाई फिकट चेहऱ्यावर उतरते.

फिगर हाताला चिकट लागू लागली तर तोच प्लॅस्टिसायझर वर आलेला आहे. कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, मऊ कापड, मग साधे पाणी आणि सावलीत वाळवणे. थिनर, ॲसिटोन किंवा स्पिरिट लावले की रंग निघतो आणि चेहऱ्याचे व्हिनाइलच मऊ पडते. गच्चीवरचे ऊनही नको. कर्कच्या सदऱ्याचा रंग उन्हाने उडतो, पांढरे भाग पिवळे पडतात. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर एप्रिल-मे मध्ये तर उभ्या ठेवलेल्या फिगरचे घोटे आपल्याच वजनाने वाकतात. वाकलेला पाय सुमारे ७० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे धरून सरळ करावा आणि सरळ धरूनच गार पाण्यात बुडवावा. नुसते गरम करून सोडले तर तो पुन्हा वाकतो.

दमटपणावर खरा उपाय सिलिका जेल आणि घट्ट झाकण. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची. जुलैत पेठांमधल्या जुन्या घरांत ती ८० च्या वर सहज जाते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवल्याशिवाय काहीही कळत नाही. रबरी पट्टीच्या झाकणाच्या ५० लिटर डब्याला पाव किलो सिलिका जेल पुरते. काचेच्या शोकेसला दाराच्या फटीतून हवा लागत असेल तर किलोभर घातले तरी आठवड्यात संपते. म्हणून आधी दाराला फोमची पट्टी, मग जेल. नारिंगी दाणे घ्यावेत, ते ओल पिऊन हिरवे होतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असते, घरात मुले असतील तर ते टाळावेत. हिरवे झालेले दाणे ओटीजीमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजले की पुन्हा कामाला येतात. शोकेस ओल धरणाऱ्या भिंतीपासून चार बोटे तरी पुढे असावी.

आत ठेवण्याआधी प्रत्येक दिव्याच्या वस्तूतला सेल काढावा. हे लोक विसरतात. कम्युनिकेटर (संपर्कयंत्र), फेजर (किरणांचे पिस्तूल) किंवा रोबोटची छाती उजळण्यासाठी एलआर४१ किंवा एलआर४४ असे बटण सेल असतात. ते अल्कलाइन आहेत आणि फुटले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन पितळी पट्टी खाते. पांढरा-निळसर बुरशीसारखा थर दिसला तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसावे, ते अल्कली मारते. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलची काडी फिरवून पूर्ण वाळू द्यावे. व्हिनेगर तसेच राहिले तर पट्टी आता त्याने गंजते.

एका गोष्टीला मात्र कोणताही जेल पुरा पडत नाही. बूट, पट्टे आणि जाकिटे ज्या नकली चामड्याची असतात ते पॉलियुरेथेन. हवेतल्या ओलाव्याने त्याची साखळीच तुटत जाते. वापरले काय, न वापरले काय, काही वर्षांत ते खपल्यांनी सुटायला लागते. कोरड्या जागी जास्त टिकते, इतकेच. तेल किंवा व्हॅसलीन चोळून ते टिकत नाही, उलट खपल्या लवकर सुटतात. गुडघा-कोपर वाकवून महिनोन्महिने ठेवले तर घडीवर आधी तडा जातो, म्हणून साठवताना फिगर सरळ उभी किंवा आडवी निजवून ठेवावी. हेच सांधा न दिसणाऱ्या रबरी कातडीच्या अंगांना लागू आहे. आत पोलादी सांगाडा आणि वर सिलिकॉन किंवा तत्सम मऊ थर, कोपर पूर्ण दुमडून ठेवले की आतल्या बाजूला चीर पडते. या कातडीला वर्षातून दोनदा बिनवासाची टाल्कम पावडर लावावी.

आता दुरुस्तीकडे येतो, आणि इथे कोल्हापूरचा विचार करायला हवा.

खपली पडलेल्या बुटांना चामड्याचे बूट हाच कायमचा इलाज. चप्पल लाइनला किंवा सुभाषनगर-जवाहरनगर भागात ज्यांच्या हातात रापी आहे त्यांना हे अवघड नाही, फक्त माप सांगावे लागते. कोल्हापुरी चपलेच्या तळाचे चामडे इथे चालत नाही, ते जाड असते. शेळीचे पातळ कातडे घेऊन ते रापीने तासून अर्ध्या मिलिमीटरवर आणायचे. एक मिलिमीटर जाडी राहिली तरी ती प्रत्यक्ष माणसाच्या बुटाला सहा मिलिमीटर चामडे लावल्यासारखी दिसते, आणि घोट्याजवळ सुरकुती पडत नाही, पोकळ नळी होते. कलबूत (बुटाचा साचा) म्हणून फिगरचाच पाय वापरावा, पण त्याला आधी स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळावी. वनस्पतीने कमावलेले कातडे कोमट पाण्यात भिजवून पायावर ताणायचे, दोऱ्याने बांधायचे आणि दिवसभर सावलीत सुकू द्यायचे. आकार धरतो. मग काढून, बाहेरच, सोल्यूशनने तळ चिकटवायचा. सोल्यूशनमधला टोल्युइन फिगरच्या प्लॅस्टिकला लागला तर घोटा चिकटून बसतो. काळा रंग दिल्यावर पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडक्याला रंग येत असेल तर तो पायालाही लागणार. बक्कल पितळी नको, अशा चामड्यातल्या आम्लाने त्यावर हिरवा थर येतो. हुपरीच्या कारागिरांकडून चांदीच्या तारेची चार-पाच मिलिमीटरची बक्कले करून घेता येतात. पैंजणाची कडी ओवणाऱ्या हाताला हे काम नवे नाही. चांदीजवळ रबर मात्र ठेवू नये, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते.

कपड्यांबाबत सर्वात मोठी चूक कापड निवडताना होते. कर्कचा सदरा पडद्यावर सोनेरी दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन हंगामांतला तो कपडा हिरवट छटेचा वेलूर होता, दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी उतरला. धुण्याने वेलूर आटायचा म्हणून तिसऱ्या हंगामात नायलॉनचे विणलेले कापड आले. म्हणजे कापड घेण्याआधी कोणत्या हंगामाचा सदरा आणि पडद्यावरचा रंग की खरा रंग, हे ठरवावे लागते, आणि तुकडा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता ज्या दिव्याखाली शोकेस आहे तिथे पाहावा लागतो. लहान मापाला वेलूर कापडच वापरले तर त्याची मिलिमीटरभर लव सहा मिलिमीटरची वाटते आणि कप्तान अस्वलासारखा दिसतो. त्याऐवजी होजिअरीचे अगदी पातळ सिंगल जर्सी घ्यावे आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेला हलके घासावे, हवी तेवढीच लव उठते. विजारीला आणि अस्तराला इचलकरंजीच्या मागावरचे बारीक सुताचे कॅम्ब्रिक उत्तम.

शिंप्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात. शिलाईची सूट तीन मिलिमीटर, सुई नऊ नंबरची, टीप इंचाला वीस टाके. नेहमीच्या बारा टाक्यांची टीप या मापाला दोरखंडासारखी उठून दिसते. खालची दुमड शिवू नये, कापडाच्या गोंदाने चिकटवून इस्त्री करावी, नाहीतर कडेला वळी येते. पाठीमागे व्हेलक्रो लावू नये, त्याचे आकडे जर्सीचे धागे ओढतात. सर्वात छोटी टिचबटणे लावावीत. बाहीवरची जरीची पट्टी महाद्वार रोडच्या लेसच्या दुकानांत दीड ते दोन मिलिमीटरची मिळते. ती कशी लावायची हेही ठरलेले आहे: कप्तानाला दोन सलग पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक तुटक, स्पॉकला दोन सलग, लेफ्टनंटला एकच. तयार कपडे विकणारे इथे नेहमी घोटाळा करतात. ‘स्पेस १९९९’च्या पहिल्या हंगामाचा गणवेश रूडी गर्नराइख यांनी आखला होता. त्यात खाते डाव्या बाहीच्या रंगावरून कळते: कमांडर काळी, मुख्य नियंत्रण कक्ष लाल, वैद्यकीय पांढरी, सुरक्षा जांभळी. उजवी बाही रंगवलेली दिसली की ती फिगर परत करावी.

गडद कापड घालण्याआधी धुतलेच पाहिजे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. काळ्या विजारीचा रंग प्लॅस्टिसायझरबरोबर व्हिनाइलमध्ये शिरतो आणि पाय निळे पडतात. आतून पांढऱ्या पातळ कापडाचा चोळणा घालावा. डाग पडलाच तर मुरुमांवरचे दहा टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम डागापुरतेच लावून, वर फिल्म गुंडाळून उजेडात ठेवतात. दोन-तीन वेळा करावे लागते. रंगवलेल्या चेहऱ्यावर हे करू नये, रंग उडतो.

मोडतोडीत पहिला नंबर मनगटाच्या खुंटीचा. पंजा बदलताना ती तुटते, आणि तुटते ती बहुधा थंडीत, कारण गार प्लॅस्टिक ठिसूळ असते. बदलण्याआधी हेअर ड्रायरने अर्धा मिनिट पंजा गरम केला तर ही वेळच येत नाही. तुटलीच, तर आत अडकलेल्या तुकड्यात हाताच्या ड्रिलने एक मिलिमीटरचे भोक पाडायचे, त्यात घड्याळजीकडचा बारीक स्क्रू फिरवायचा आणि पकडीने सरळ ओढायचे. मग दोन्ही तुकड्यांत एक मिलिमीटरची पितळी तार घालून ॲराल्डाइटने जोडायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद इथे दोन कारणांनी वाईट: तो ठिसूळ असल्याने तार असूनही सांधा निघतो, आणि दमट हवेत त्याची वाफ आजूबाजूला पांढरी साय धरते. पावसाळ्यात तर काळ्या बाहीवर ती हमखास दिसते. सैल घोट्याला किंवा मानेला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे पुरतात. गोल सांध्याला पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात देऊन सुकेपर्यंत सांधा अधूनमधून हलवत राहावा.

डोके आणि अंग वेगवेगळ्या कंपन्यांचे असेल तर मानेच्या गोळीचे माप जुळत नाही. भोक मोठे असेल तर त्यात एम-सील भरून, ओले असतानाच व्हॅसलीन लावलेली गोळी दाबून माप घ्यावे. उंचीही जुळवावी. स्पॉक साकारणाऱ्या निमॉय यांची उंची सहा फूट एक इंच, म्हणजे फिगर जवळपास ३१ सेंटिमीटरची हवी. कर्क साकारणारे शॅटनर त्यांच्यापेक्षा बुटके. दोघांना एकाच उंचीचे अंग दिले तर शेजारी उभे केल्यावर काहीतरी चुकलेले दिसत राहते.

चेहऱ्याचे रंगकाम हे या छंदातले सर्वात कठीण काम, आणि त्यासाठी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला जायला हवे. गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात जे एका फटकाऱ्यात करतो ते चार व्हिडिओ पाहून येत नाही. पण त्या कलाकाराशी बोलताना मापे स्पष्ट सांगावीत. या मापात डोक्याची उंची चार सेंटिमीटरच्या आत, उघड्या डोळ्याची रुंदी पाच मिलिमीटर आणि बुबुळ दोन मिलिमीटर. मूर्तीचे डोळे पूर्ण उघडे आणि ठसठशीत असतात. माणसाच्या चेहऱ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते. ती झाकली नाही तर पात्र घाबरलेले दिसते. दोन्ही बुबुळांतला पांढरा ठिपका एकाच बाजूला, घड्याळातल्या दहाच्या जागी, आला पाहिजे. पापणीची कड शुद्ध काळ्याने न काढता गडद तपकिरीने काढावी.

रंग आपणच न्यावेत, आणि ते ॲक्रिलिकच असावेत. ऑइल इनॅमल मऊ व्हिनाइलवर कधीच पूर्ण सुकत नाही. प्लॅस्टिसायझर त्यात शिरत राहतो आणि वर्षभराने हात लावला तरी बोटाचा ठसा उमटतो. आधी साबणाने धुणे, मग पातळ प्राइमर, मग पाण्यासारखे पातळ चार-पाच हात, प्रत्येकामध्ये अर्धा तास. शेवटी मॅट वॉर्निश, आणि फक्त डोळ्यांवर चकाकीचा एक थेंब. मूर्तिकारांचा हंगाम ओळखून जावे. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, दिवाळीनंतरचे दिवस बरे.

यंत्रपात्रांसाठी उद्यमनगरच्या कारखान्यांत जावे. ‘डॉक्टर हू’मधला डालेक १९६३ च्या डिसेंबरात पडद्यावर आला, त्याचा आकार रेमंड क्युसिक यांचा. त्याच्या घेरावर ५६ अर्धगोल असतात, चौदा उभ्या ओळी आणि प्रत्येकीत चार. मूळ अर्धगोल सुमारे चार इंचांचे, म्हणजे आपल्या मापाला १७ मिलिमीटरचे. सोळा-सतरा मिलिमीटरचे ॲक्रिलिकचे अर्धे मणी लेसच्या दुकानात तयार मिळतात. घेराचे तक्ते एकसारख्या रुंदीचे नाहीत, म्हणून अंतर मोजत न जाता प्रत्येक तक्त्याची मध्यरेषा आखून तिच्यावर मणी लावावेत. घेर एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या तक्त्याचा) करू नये, श्रावणात तो फुगतो आणि कोपरे उघडतात. तीन मिलिमीटरचे ॲक्रिलिक किंवा एबीएस प्लॅस्टिक लेझरवर कापून घ्यावे.

डोक्याचा घुमट लेथवर ॲक्रिलिकमधून काढता येतो, ‘लॉस्ट इन स्पेस’च्या रोबोटचा पारदर्शक घुमटही तसाच. मात्र लेथवरून उतरलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण राहतो. त्याला लगेच सिमेंट किंवा अल्कोहोल लागले की आतून केसासारख्या चिरा पडतात. आधी ८० अंशांवर काही तास ठेवून भट्टीतच हळूहळू गार होऊ द्यावा. लाकडी नमुना करायला एखाद्या पॅटर्नवाल्याकडे गेलात तर सूट धरू नका असे आवर्जून सांगावे. बिडाच्या ओतकामाला आकसण्यापोटी सुमारे एक टक्का माप वाढवायची त्यांना सवय असते. आपण वरून सिलिकॉनचा साचा घेणार असल्याने ती वाढ तशीच राहते. थ्रीडी प्रिंट काढत असाल तर थर ०.०५ मिलिमीटरचा ठेवावा आणि पोकळ भागाला खालून दोन-तीन मिलिमीटरची दोन भोके ठेवावीत. आत राहिलेले कच्चे रेझिन महिन्यांनी झिरपते आणि बाहेरचे कवच फोडते.

इतकी कामे या शहरात होत असतील, तर ज्यांच्या फिगर जगात कुठल्याच दुकानात मिळत नाहीत त्या आपण का करू नयेत? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ होती. १९९८ मध्ये मिलिंद सोमण यांचा ‘कॅप्टन व्योम’ आला. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच तयार केला, पडदे रंगवले, पोशाख आखले, त्या गावाला हे जमण्याजोगे आहे. विकण्यासाठी करायचे तर मालिकेच्या आणि कलाकाराच्या हक्कांची परवानगी घ्यावी लागेल. स्वतःच्या कपाटासाठी एक करायला अडचण येऊ नये.

अडचण आहे ती संदर्भाची. पुसट टेपवरून गणवेशाचा रंग, शिवण आणि बिल्ल्याचा आकार काढता येत नाही. ‘सिग्मा’च्या गणवेशाची पाठ, बुटांची टाच, कमरेचा पट्टा पुढून आणि बाजूने, असे एक-दोन रंगीत फोटो मिळाले तरी शिंपी कामाला लागू शकतो. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे त्या काळच्या रंगीत पुरवण्या, साप्ताहिकांची पाने, चित्रीकरणाच्या वेळचे फोटो असतील, तर ते रद्दीत घालण्याआधी आपल्या कार्यालयात दाखवावेत अशी विनंती आपण पत्रासोबत छापावी. आपल्या संग्रहातही १९८५ ते १९९८ मधल्या दूरदर्शनच्या कार्यक्रमांची छायाचित्रे असतील तर ती पाहण्याची परवानगी मिळावी. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढू, मूळ प्रत जागेवरून हलवणार नाही.

आपले,
बारा इंची फिगरचे काही संग्राहक,
कोल्हापूर